एमटीटी म्हणतं १४० टक्के जिवंत, ट्रिपॅन ब्लू म्हणतं निम्म्या मेल्या. कुणाचं ऐकू?

जांभळी_प्लेट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पुरती अडकले म्हणून धागा काढतेय. एका औषधी वनस्पतीच्या पानांचा अर्क आहे (नाव विचारू नका, पेपर निघेपर्यंत बोलायचं नाही अशी गाईडनी तंबी दिलीय) आणि तो माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींना विषारी आहे का एवढंच बघायचंय. एवढंच म्हणतेय पण सहा महिने गेले.

पद्धत सांगते. दात्याचं रक्त घ्यायचं (एथिक्स कमिटीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती दोन्ही आहेत, त्यावरून नका सुरू होऊ), फिकॉलवर (रक्तपेशी वेगळ्या करणारं दाट द्रावण) अलगद सोडायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी ला (गुरुत्वाच्या ४०० पट) ३० मिनिटं ब्रेक बंद ठेवून फिरवायचं, मग मधे जो ढगाळ पांढुरका थर येतो तो म्हणजे आपल्या पीबीएमसी, म्हणजे लिम्फोसाईट आणि मोनोसाईट या पांढऱ्या पेशी. त्या धुवून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी १ लाख टाकते, आरपीएमआय (पेशी वाढवायचं मीडियम) अधिक १० टक्के सिरम, अर्क १० पासून ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास इन्क्युबेटर, नंतर एमटीटी (जिवंत पेशी मोजायची रंगाची टेस्ट).

तर १० आणि ५० ला काही नाही, १०० ला ११० टक्के, ५०० ला चक्क १४०. गाईड एकदम खूश, "इम्युनिटी बूस्टर" अशी स्लाईडसुद्धा तयार झाली. मला चैन पडेना म्हणून त्याच ५०० च्या खळग्यातलं थोडं काढून ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) लावून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जवळपास निम्म्या पेशी निळ्याशार. म्हणजे मेलेल्या. मेलेल्या पेशी १४० टक्के जिवंत कशा?? पोटात गोळा आलाय, पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे.

काचपट्टी
आधी एक प्रश्न, पेशी न टाकता नुसता अर्क + मीडियम + एमटीटी असे खळगे लावले होतेस का? नसशील तर आजच लाव, बाकी चर्चा नंतर.

कारण सांगतो. एमटीटी हा पिवळा रंग. मॉसमन यांनी १९८३ मध्ये ही टेस्ट मांडली तेव्हा कल्पना अशी की जिवंत पेशीतली एन्झाईम्स त्याचं जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात, तो द्रावकात (हल्ली बहुतेक डीएमएसओत) विरघळवायचा आणि ५७० नॅनोमीटरला मोजायचा, जितका जांभळा तितक्या जिवंत पेशी. पण रासायनिकदृष्ट्या हे साधं क्षपण (रिडक्शन) आहे आणि क्षपण करायला पेशीच लागते असं कुठे आहे? तुझ्या पानात फ्लॅव्होनॉईड असतील, टॅनिन असतील, क जीवनसत्त्व असेल, ही सगळी मंडळी एमटीटीला स्वतःच जांभळं करून मोकळी होतात. जास्त अर्क, जास्त जांभळं. तू पेशींची तब्येत मोजत नव्हतीस, पानांची मोजत होतीस.

अर्धवटराव
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण धागा सोडवत नाहीये. एक बाळबोध शंका, टक्केवारी शंभरच्या वर जातेच कशी? आमची परीक्षेत कधी गेली नाही म्हणून विचारतो, ह.घ्या.

आणि वेल म्हणजे गुळवेलीतली वेल का? माझा पुतण्या लॅबमध्ये असतो, तो सारखा "वेलमध्ये टाकलं" म्हणतो.

पेशीवेडा
@अर्धवटराव, ती वेल म्हणजे प्लेटमधला खळगा, काका. 😀 आणि शंभर म्हणजे ज्या खळग्यांत अर्क टाकलाच नाही त्यांचं रीडिंग. त्याच्या तुलनेत बाकीचे, म्हणून १४० येऊ शकतं. त्यात चूक काही नाही, चूक असते ती "म्हणजे पेशी ४० टक्के वाढल्या" असं वाचण्यात.

काचपट्टी म्हणाला ते बहुतेक बरोबर असणार पण अगदी न्यायाने बोलायचं तर अर्काने पेशी खरोखर वाढणंही शक्य असतं. राजम्यातलं पीएचए हे लेक्टिन (साखरेच्या रेणूंना चिकटणारं प्रोटीन) लिम्फोसाईटला विभाजनाला लावतं हे पीटर नॉवेल यांनी १९६० मध्येच दाखवलं, तेव्हापासून लॅबमध्ये लिम्फोसाईट वाढवायच्या तर पीएचए वापरतात. म्हणजे वनस्पतीत अशी द्रव्यं असतात हे खरं. पण २४ तासांत? रक्तातून काढलेली लिम्फोसाईट झोपलेली असते, ती जागी होऊन, मोठी होऊन, डीएनए दुप्पट करून विभागायला दीड-दोन दिवस घेते, वाढ नीट मोजायची तर लोक ७२ तास थांबतात. एका रात्रीत ४० टक्के वाढ आणि वर निम्म्या मेलेल्या, हे गणित जुळत नाही.

अजून एक, झोपलेल्या लिम्फोसाईटमध्ये चयापचय इतका मंद असतो की एमटीटीचा खरा सिग्नल मुळातच फिका येतो. त्यामुळे अर्काने केलेला थोडासा जांभळेपणाही टक्केवारीत डोंगराएवढा दिसतो. हेच कॅन्सर सेल लाईनवर (लॅबमध्ये अखंड वाढणाऱ्या कॅन्सर पेशी) केलं असतंस तर इतका फरक दिसला नसता कदाचित.

सूक्ष्मा
रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहिते. तोवर @जांभळी_प्लेट, डीएमएसओ किती टक्के पडतंय तुझ्या खळग्यात ते सांग.

जांभळी_प्लेट
बापरे एवढे प्रतिसाद! नाही ओ, पेशीविरहित खळगे लावले नव्हते, नुसता मीडियम ब्लँक होता. 🙈

अर्क ७० टक्के मेथेनॉलमध्ये, रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवून मग लायोफिलाईज केलेला (गोठवून सुकवलेला). डीएमएसओमध्ये ५० मिग्रॅ प्रति मिली असा स्टॉक आहे आणि त्यातूनच थेट मीडियममध्ये टाकते. टक्के... थांबा मोजते... ५०० ला १ टक्का आणि १० ला ०.०२. कंट्रोलला डीएमएसओ नाहीये. अरे देवा.

सूक्ष्मा
मला हीच शंका होती. म्हणजे तुझ्या प्रत्येक डोसबरोबर डीएमएसओही वाढतंय आणि ५०० ला पेशी मेल्या त्या अर्काने की द्रावकाने हे आता कुणालाच सांगता येणार नाही. १ टक्का पीबीएमसीला जास्त आहे, लोक ०.५ च्या वर जात नाहीत, शक्यतो ०.१ लाच राहतात. उपाय साधा आहे, डायल्यूशन डीएमएसओमध्येच कर आणि मग प्रत्येक खळग्यात सारखंच आकारमान टाक, कंट्रोललासुद्धा तेवढंच नुसतं डीएमएसओ. मी पहिल्या वर्षी अगदी हीच चूक केलेली, त्यामुळे लाजू नकोस.

आणि ५०० चा हट्ट सोड. एक ढोबळ हिशोब करून बघ, कुणी ५०० मिग्रॅची कॅप्सूल घेतली आणि समजा त्यातला कण न कण रक्तात उतरला (कधीच उतरत नाही), रक्त साधारण ५ लिटर, तर होतात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. म्हणजे अशक्य कोटीतली कमाल मर्यादाच १०० आहे. तरी पेपरांमध्ये १००० पर्यंतचे ग्राफ असतात, तिथे बऱ्याच अर्कांनी पेशी मरतातच. कच्च्या अर्काने पेशी मारल्या असं म्हणायला कॅन्सरच्या संशोधनात २०-३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आतला आयसी५० (निम्मा परिणाम दिसतो तो डोस) बघतात, त्यावरून अंदाज घे.

वैद्य_निवांत
चर्चा उत्तम चालली आहे, मला फक्त एक खटकतं ते लिहितो. ग्रंथात त्या पानांचा काढा सांगितला असेल तर तो पाण्यातला. मेथेनॉलमध्ये जी द्रव्ये उतरतात ती वेगळी, पाण्यात उतरतात ती वेगळी, आणि मग निष्कर्ष मात्र "अमुक वनस्पती विषारी" असा वनस्पतीच्या नावावर लागतो. हा अन्याय आहे. दुसरं, काढा पिणारा माणूस आणि तुमच्या प्लेटमधली पेशी यांच्यामध्ये आतडं आणि यकृत उभं आहे. सॅपोनिनचंच (वनस्पतीतलं फेस देणारं द्रव्य) घ्या, ते पेशीचं आवरण फाडतं, रक्तात थेट गेलं तर लाल पेशी फोडतं, पण तोंडाने घेतलं तर बहुतांश आतड्यातून आत येतच नाही. तुमची प्लेट त्याला विष म्हणणार, पोट म्हणणार नाही.

काचपट्टी
वैद्यबुवा पूर्ण सहमत, फक्त ही तलवार दुधारी आहे. यकृत मधे असल्यामुळे काही द्रव्यं निरुपद्रवी होतात तशी काही यकृतातच विषारी *बनतात*. पायरोलिझिडिन अल्कलॉईड्स आहेत ना, ती मुळात तितकीशी त्रासदायक नसतात, यकृतातली एन्झाईम्स त्यांना जहाल करून ठेवतात. रक्तातल्या पेशींत ती एन्झाईम्स नावापुरतीच. म्हणजे प्लेटमध्ये सगळं आलबेल आणि माणसाचं यकृत खलास.

अर्धवटराव
म्हणजे तुमच्या टेस्टमध्ये पास झालं तरी औषध सुरक्षित नाही, आणि नापास झालं तरी विषारी नाही? मग ही उठाठेव करता कशासाठी, प्रामाणिक प्रश्न आहे.

पेशीवेडा
प्रश्न रास्त आहे. सदाफुलीची गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीच्या पानांवर काम करत होते, का तर लोक मधुमेहावर तिचा चहा पितात म्हणे. उंदरांना तोंडाने दिला, साखर ढिम्म हलली नाही. मग अर्क टोचून दिला तर उंदीर मरायला लागले, पण साखरेने नाही, जंतुसंसर्गाने. बघतात तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी साफ घसरलेल्या, अस्थिमज्जा आटलेली. आता इथे दुसरा कुणी असता तर "अर्क विषारी, प्रकल्प बंद" लिहून मोकळा झाला असता. यांनी विचार केला, जे पांढऱ्या पेशी मारतं ते रक्ताच्या कॅन्सरमधल्या बेलगाम पांढऱ्या पेशीही मारेल. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं आणि पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन, लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही वापरतात.

आणि बघा, वैद्यबुवांचा मुद्दाही त्यातच आहे, तोंडाने आणि टोचून यातला फरक. तर ही टेस्ट म्हणजे निकाल नव्हे काका, चाळणी आहे. कुठल्या डोसला पेशी हलतात, मरतात तर कशा मरतात, पुढे काय तपासायला हवं, एवढं ती सांगते.

धुकं_आणि_धूर
मोबाईलवरून टंकतेय चुका असतील. कुणी एंडोटॉक्सिनचा विषय काढला नाही म्हणून लिहिते कारण माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलंय. माझा अर्क मोनोसाईटमधून टीएनएफ आणि आयएल-६ (दाह वाढवणारी प्रोटीन्स) असा काही बाहेर काढायचा की आम्ही हवेत. ग्राफ सुंदर, डोसप्रमाणे चढता, सगळं कसं पुस्तकात असतं तसं. एका सेमिनारला मागच्या रांगेतून एका बाईंनी शांतपणे विचारलं, पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारं औषध) घालून बघितलंत का. नव्हतं बघितलं. घातलं तर ग्राफ आडवा झोपला. 😭

पानांवर जीवाणू असतात, त्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या भिंतीतलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, अर्कात येतं. मोनोसाईटला त्याचे पिकोग्रॅमसुद्धा पुरतात. आम्ही ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळत होतो आणि निर्जंतुक म्हणून खूश होतो, पण फिल्टर जीवाणू अडवतो, एलपीएस त्यातून आरामात जातं. ऑटोक्लेव्हलाही ते दाद देत नाही. काचसामान २५० अंशांवर कोरड्या उष्णतेत निदान अर्धा तास ठेवावं लागतं. तेव्हा @जांभळी_प्लेट "बूस्टर" शब्द कुणी वापरायच्या आधी एलएएल टेस्ट (एंडोटॉक्सिन मोजायची) करून घे. पण तीही अर्कातल्या काही द्रव्यांनी फसते, म्हणून ठरावीक एलपीएस मुद्दाम मिसळून ते परत तेवढंच मोजलं जातंय का तेही बघ.

सूक्ष्मा
+१ धुकं, हा प्रतिसाद छापून लॅबच्या दारावर लावायला हवा. वाचनखूण साठवली.

नवा_पिपेट
मी जरा वेगळं सुचवू का, एवढी डोकेदुखी करण्यापेक्षा जुरकट किंवा टीएचपी-१ या सेल लाईनवर करा ना. रक्त नको, दाता नको, परवानगी नको, फ्रीजरमधून काढा आणि वाढवा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

काचपट्टी
सरावाला उत्तम. पण जुरकट म्हणजे टी-सेल ल्युकेमियातून आलेली आणि टीएचपी-१ ही मोनोसाईटच्या ल्युकेमियातून आलेली, दोन्ही दिवसरात्र विभागत असतात. विभाजन थांबवणारं द्रव्य त्यांना मारेल आणि झोपलेल्या निरोगी लिम्फोसाईटला त्याचा पत्ताही लागणार नाही. खरं तर दोन्ही शेजारी शेजारी लावले तर मजा येते, निरोगी पेशींचा मारक डोस भागिले कॅन्सर पेशींचा मारक डोस, हा सिलेक्टिव्हिटी इंडेक्स. पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवायचं नाही.

अवांतर: फिकॉलमध्ये न्यूट्रोफिल लाल पेशींबरोबर तळाला जातात हे सगळे विसरतात. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत साधारण निम्म्याहून जास्त त्याच असतात. म्हणजे "रोगप्रतिकारक पेशींना सुरक्षित" असं लिहिताना बहुमत प्लेटच्या बाहेरच असतं.

वैद्य_निवांत
अर्धवटरावांसाठी अजून एक उदाहरण, आमच्या बाजूचंच, म्हणजे कुणी म्हणायला नको की वैद्य फक्त बचाव करतात. २०२१-२२ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांचे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यातल्या बऱ्याच जणांत चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं होतं, म्हणजे स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशी यकृतावर उलटलेल्या. त्यावर बरीच वादावादी झाली, खरी गुळवेल नव्हती, त्याच कुळातली दुसरी जात होती असंही म्हटलं गेलं. मला यात पडायचं नाही. मुद्दा असा की पेशी *मरत* नसून *चेकाळत* असतील तर तुमची एमटीटी ते कसं सांगणार?

आणि वनस्पतीची ओळख. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया गेली, कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. नावं सारखी वाटतात म्हणून घोळ. तेव्हा मुली, त्या पानांचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) क्रमांकासह ठेवला आहेस ना?

जांभळी_प्लेट
हो काका, नमुना ठेवलाय, तेवढं एक काम नीट झालंय. 🙏

जांभळी_प्लेट
चार दिवसांनी परत आले. निकाल ऐका.

पेशीविरहित खळगे लावले. ५०० वाला अर्ध्या तासात जांभळा. पेशी नाहीत, काही नाही, नुसतं पान. मी हसले की रडले माहीत नाही. मग काचपट्टीदादांनी सांगितलं नसलं तरी मीच विचार केला की एमटीटीच्या आधी अर्क धुवून टाकावा, म्हणून प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, वरचं मीडियम हलक्या हाताने काढलं (या पेशी बहुतेक तरंगत्या, लिम्फोसाईट तळाला चिकटत नाहीत, पहिल्या वेळी निम्म्या पिपेटबरोबर गेल्या), ताजं मीडियम घातलं आणि मग एमटीटी. डीएमएसओ आता सगळीकडे ०.४, वरचा डोस २००. आता १०० ला नव्वदीत आणि २०० ला साठच्या आसपास. ट्रिपॅन ब्लूशी बऱ्यापैकी जुळतंय.

ॲनेक्सिन-पीआय (मरायला लागलेल्या आणि मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारे दोन रंग) पण करून घेतलं. फ्लो सायटोमीटरवरच्या (लेझरने एकेक पेशी मोजणारं यंत्र) दादांनी आधी विचारलं अर्क हिरवा आहे का, कारण क्लोरोफिल लेझरखाली स्वतःच चमकतं, म्हणून रंग न लावलेल्या पण अर्क दिलेल्या पेशींचा वेगळा कंट्रोल ठेवला. २०० ला मेलेल्यांशिवाय काही पेशी ॲनेक्सिन पॉझिटिव्ह पीआय निगेटिव्ह, म्हणजे आवरण अजून शाबूत आहे पण मरायला सुरुवात झालेली. मोनोसाईट लिम्फोसाईटपेक्षा जास्त मरतायत.

गाईडना दाखवलं. पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, स्लाईडचं शीर्षक बदल. n=3 (स्वतंत्र नमुने तीन) आहे ना म्हणाले, हो म्हटलं.

सूक्ष्मा
शाब्बास! पण n=3 म्हणजे तीन दाते की एकाच दात्याचे तीन खळगे?

जांभळी_प्लेट
…तीन खळगे.

सूक्ष्मा
मग n एक. 🙂 तीन खळग्यांनी तुझा पिपेटचा हात किती स्थिर आहे तेवढं कळतं. माणसामाणसाच्या पेशी इतक्या वेगळ्या वागतात की एका दात्याला २०० मारतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही असंही निघतं. निदान पाच-सहा दाते तरी घे, आणि लॅबमधल्या कुणाचं, विशेषतः स्वतःचं, रक्त वापरू नकोस. स्वतःच्या पेशी कल्चरमध्ये हाताळणं धोक्याचं मानतात, त्यांच्यात काही बदल झाला तर तुझं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखणार नाही.

पेशीवेडा
अजून एक राहिलं. पॉलिफेनॉल भरपूर असलेला अर्क मीडियममध्ये हवेशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साईड तयार करतो, आणि मग पेशी मरतात त्या पेरॉक्साईडने. शरीरात ते तसं घडेलच असं नाही. एका रांगेत अर्काबरोबर कॅटलेज (पेरॉक्साईड मोडणारं एन्झाईम) घाल. मरण कमी झालं तर गुन्हेगार मीडियममधला पेरॉक्साईड, नाही झालं तर अर्क.

काचपट्टी
आणि शेजारच्या रांगेत उकळून मारलेलं कॅटलेज. नाहीतर रिव्ह्यूअर विचारेल, कॅटलेजने वाचवलं की नुसत्या जास्तीच्या प्रोटीनने अर्क धरून ठेवला? टॅनिन प्रोटीनला चिकटतं हे तर माहीतच आहे.

जांभळी_प्लेट
उकळलेलं कॅटलेज. लिहून घेतलं. पण कडेचे खळगे सुकतात म्हणून त्यात नुसतं बफर भरते, उरतात ६०, त्यात पेशीविरहित, डीएमएसओ, पॉलिमिक्सिन, कॅटलेज, उकळलेलं कॅटलेज आणि शिवाय प्रत्यक्ष डोस... मावत नाही. दोन प्लेट लावते. सोमवारी दाता क्रमांक २ येतोय.

अर्धवटराव
तुमच्या दोन्ही वेलींना शुभेच्छा. सोमवारनंतर इथेच लिहा, मी वाट बघतोय.